थायरॉइड आहे, पीसीओएस आहे. मग वजन उतरणार तरी कसं?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. नाशिकला बँकेत काउंटरवर नोकरी. चार वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) ३.८. सोनोग्राफीत पीसीओएस (बीजांडांचा हार्मोन्सशी जोडलेला विकार), पाळी ५०-६० दिवसांनी, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.८. मागे कीटो (पोळी-भात जवळपास बंद करणारा आहार) करून सहा किलो उतरले, नंतर आठ चढले. सध्या सकाळी लिंबू-मधाचं कोमट पाणी, तासभर चालणं, सोमवार-गुरुवार आणि चतुर्थीचा उपास, रात्रीचं जेवण बंद. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनं पोट बिघडलं म्हणून सोडून दिली. अंडी खाते, मटण-मासे नाही. वर्षभरात बाळाचा विचार आहे. आणि शेवटी: "हार्मोन्स बिघडले की वजन उतरतच नाही असं सगळे सांगतात. खरं का? वजन उतरवायचं इंजेक्शन घेऊ का?"

उतरतं. सावकाश उतरतं, आणि तुम्ही सध्या जिथे जोर लावताय तिथून फारसं उतरत नाही.

आधी थायरॉइडचं बघू, कारण सगळ्यात जास्त दोष त्याच्या माथी मारला जातो आणि त्यातला बराचसा नाहक असतो. थायरॉइड कमी झाल्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो असतं. तेही उपचार न घेतलेल्या माणसात, आणि त्यात चरबीपेक्षा अंगात साठलेलं मीठ-पाणी जास्त. गोळी लागू पडून टीएसएच जागेवर आला की ते पाणी निघून जातं. त्यामुळे चार वर्षं गोळी नीट चालू असलेल्या बाईचे वरचे पंधरा-वीस किलो थायरॉइडच्या खात्यावर मांडता येत नाहीत. ऐकायला बरं वाटत नाही, पण यात चांगली बातमीही आहे: तुमची थायरॉइड ग्रंथी तुमचं वजन अडवून बसलेली नाही.

"डोस वाढवला तर उतरेल का?" असं ओपीडीत आठवड्यातून कोणी ना कोणी विचारतंच. वजनासाठी म्हणून गरजेपेक्षा जास्त डोस घेतला तर धडधड होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, आणि उतरतं त्यात स्नायूही जातात. तसं करू नका. मात्र आहे तो डोस पोटात नीट पोचतोय का, हे जरूर बघा. तुम्ही लिहिलंय की उठल्यावर गोळी, पाठोपाठ चहा, आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियम. चहा-कॉफीनं ही गोळी कमी शोषली जाते, म्हणून गोळी आणि चहा यांत किमान अर्धा तास, जमलं तर तासभर अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर चार तास लांब. तुमचं कॅल्शियम दुपारच्या जेवणावर न्या. सकाळच्या चहाशिवाय डोळेच उघडत नसतील तर गोळी रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. एक वेळ धरा आणि तीच पाळा. मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, त्याआधी केला तर आकडा पुरता स्थिरावलेला नसतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. बायोटिनमुळे बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि मग डॉक्टर डोस उगाच घटवतात.

३.८ हा आकडा एरवी मी सोडून दिला असता. पण तुम्हाला वर्षभरात बाळ हवंय, आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईचा टीएसएच गर्भधारणेआधी २.५ च्या खाली असलेला बरा. नुसती वेळ बदलूनही तो तिथे येऊ शकतो. नाही आला तर डोस थोडा वाढवावा लागेल, पण बाळासाठी, वजनासाठी नव्हे.

आता पीसीओएस. तुमच्या वजनाचा खरा मामला इथे आहे. सोनोग्राफीत दिसलेल्या 'गाठी' म्हणजे गाठी नव्हेत, पूर्ण न वाढता मध्येच अडकलेली बीजकोशं आहेत. त्यांना घाबरू नका, त्या काढायच्याही नसतात. मूळ भानगड पीसीओएस असलेल्या बऱ्याच बायकांमध्ये इन्शुलिनची असते, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाची. घरात कोणी टीव्हीच्या नादात हाकेला ओ देत नसलं की आपण आवाज चढवतो, तसंच शरीरात होतं. स्नायू आणि यकृत इन्शुलिनचं ऐकेनासे झाले की स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडतं. पण बीजांडाला आधीपासूनच नीट ऐकू येत असतं. त्या चढ्या आवाजानं ते बिथरतं आणि जास्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवू लागतं. यकृतही त्या संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, लांबलेली पाळी हे सगळं त्यातून येतं. पोटाभोवती चरबी वाढली की स्नायू-यकृत आणखी बहिरे होतात, आणि चक्र फिरत राहतं.

मानेच्या मागची कातडी काळपट, मखमलीसारखी झाली आहे का ते आरशात बघा. काखेतही बघा. पुष्कळ बायका तिथे घासून घासून कंटाळतात. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते, आणि ती साबणानं जात नाही. एचबीए१सी ५.८ म्हणजे तुम्ही मधुमेहपूर्व टप्प्यात आहात (५.७ ते ६.४). पीसीओएसमध्ये मी त्यावर भागवत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघण्याची तपासणी एकदा करून घ्या, उपाशीपोटीची साखर सरळ असून दोन तासांची वाढलेली असं बऱ्याचदा निघतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३१ च्या वर आहे. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, पाश्चात्त्य कोष्टकाप्रमाणे २५ आणि ३० नव्हे. याचं कारण समजून घ्यायला पुण्याचंच एक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली ठेवणच अशी: दिसायला बारीक, आत चरबी जास्त, स्नायू कमी. म्हणून माझं पहिलं सांगणं, वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप वापरा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठतं, आणि तुमची पाळी दोन महिन्यांनी येत असेल तर हे पाणी कधी येईल याचा नेम नाही. रोज काट्यावर उभं राहणाऱ्या बाया या पाण्यापायी रडतात.

आणि लक्ष्य? ७६ वरून ५६ हे डोक्यातून काढून टाका. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी आणि बीज सुटणं सुधारतं. तुमच्या बाबतीत चार ते साडेसात किलो. पहिल्या सहा महिन्यांचं काम एवढंच.

कीटोनं सहा किलो उतरले ते खरे होते का? काही होते. पण पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, त्याच्याबरोबर बरंच पाणी जातं, आणि पहिल्या दोन आठवड्यांचा काटा त्यामुळेच खूश करतो. पोळी परत सुरू झाली की ते पाणी परत येतं. व्यायामाशिवाय झपाट्यानं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येताना बहुतांशी चरबीच येते. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की एकही आहारपद्धती दुसरीपेक्षा सरस ठरलेली नाही. म्हणजे जी तुम्ही दोन वर्षं निभावून न्याल ती. नाशिकच्या एकत्र कुटुंबात कीटो दोन वर्षं चालवून दाखवणारी मला अजून भेटायची आहे.

तुमच्या ताटाकडे येते. सगळ्यात आधी उपास, कारण आठवड्यातले दोन-तीन दिवस त्यातच जातात. देवाशी तुमचं काय ते तुम्ही बघा, उपास सोडा असं मी म्हणणार नाही. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ साखर. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर तूप, बटाटा, दाण्याचं कूट धरून भरलेली बशी सहज पाचशे-सहाशे कॅलरींवर जाते, दुपारी चारला परत भूक लागते, आणि मग वेफर्स किंवा राजगिऱ्याचा लाडू. इन्शुलिन चढवायला याहून सोपी युक्ती नाही. त्याऐवजी मूठभर भगर आणि वाटीभर दाण्याची आमटी, बरोबर काकडीची कोशिंबीर, दही किंवा ताक, संध्याकाळी थोडं पनीर किंवा दूध. राजगिऱ्याची भाकरीही चालते, पातळ थापलेली एक. रताळं उकडून, साखर-तुपात परतून नव्हे. खिचडी वर्षातून दोन एकादश्यांना खा आणि मनापासून खा.

एरवीच्या ताटात माझी मुख्य तक्रार पोळीशी नाही, भाताशीही नाही. प्रथिनं कमी पडतात ही आहे. तीन पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी, संध्याकाळी पोहे, या हिशेबानं दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. तुम्हाला ६० ते ७० लागतील. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. नाश्त्याला दोन अंडी धरली की १२ ग्रॅम झाली. नाहीतर मुगाची धिरडी किंवा मटकीची उसळ. दुपारी डब्यात वरणाऐवजी घट्ट उसळ किंवा पिठलं, तेही दिवसाआड नको, रोज. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम असतात, पण स्निग्धांशही २० ग्रॅमच्या वर, म्हणून पनीर मसाला नको, नुसतं तव्यावर परतून. ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून १५ ग्रॅम मिळतात. सोया थायरॉइडला चालत नाही असं तुम्ही ऐकलं असेल. ते फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायचं, बंद करायचं नाही. कोबी-फ्लॉवरचंही तसंच भय घालतात. शिजवून खाल्लेल्या भाजीनं तुमच्या थायरॉइडला काही होत नाही.

पोळी की ज्वारीची भाकरी? भाकरीत तेल नाही आणि चोथा बरा, म्हणून भाकरी. पण दीड भाकरीच्या जागी तीन खाल्ल्या तर ज्वारी काही वाचवायला येत नाही. भात वाटीभर, उसळ-भाजी आधी आणि भात शेवटी. लिंबू-मधाच्या पाण्यानं चरबी वितळत नाही. मध म्हणजे चमचाभर साखरच, नुसतं पाणी प्या.

एक गोष्ट कोणी मोजत नाही: तेल. घरात महिन्याला किती लिटर आणता आणि खाणारी तोंडं किती, एवढा भागाकार करा. माणशी अर्धा ते पाऊण लिटरच्या वर जात असेल तर एकट्या तुमच्या डाएटनं काही होणार नाही, फोडणीच बदलावी लागेल. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, नवऱ्याला सांगू द्या.

रात्रीचं जेवण बंद करून काय साधलं ते प्रामाणिकपणे बघा. बहुतेक ठिकाणी दहा वाजता भडंग किंवा फरसाणाचा डबा उघडतो. बँकेतून सुटल्यावर साडेपाच-सहाला मूठभर फुटाणे आणि ताक घ्या, आणि साडेसात-आठला साधं जेवण करा: एक भाकरी, भाजी, वाटीभर डाळ. पोट मारून काटा हलतो, पण दोन महिन्यांत पुन्हा तिथेच. रोजच्यापेक्षा ४००-५०० कॅलरी कमी एवढीच तूट हवी. त्यानं आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतं, आणि तेवढंच पुरे.

सकाळचं तासभर चालणं चालू ठेवा, पण त्यातले पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे काढून जेवणानंतर चाला. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतो, म्हणून ज्या वेळी साखर चढते नेमक्या त्या वेळी पाय हलवलेले बरे. बँकेत दुपारी जमत नसेल तर रात्री सोसायटीत. दुसरं म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम, मग हळूहळू डंबेल. साखर जाऊन साठण्याची अंगातली सगळ्यात मोठी जागा स्नायूच, ती वाढवल्याशिवाय इन्शुलिन खाली येणं अवघड. डंबेलनं बाई पुरुषी होते ही भीती सोडा. वजन उतरवायचं तर आठवड्याला २५० मिनिटं मध्यम व्यायाम असं मार्गदर्शक सूचना सांगतात, रोज सकाळच्या चालण्यानं तुम्ही तिथे पोचलेल्याच आहात, फक्त वाटणी बदला.

घोरता का हे नवऱ्याला विचारा. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त आढळतो, आणि तो असेल तर दिवसभर पेंग आणि गोडाची ओढ, दोन्ही.

औषधं. मेटफॉर्मिन सोडलीत ते पोटामुळे. ती जेवणाच्या मध्ये घ्यायची, हळूहळू विरघळणारा प्रकार मागायचा, आणि ५०० मिलिग्रॅमपासून आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवत न्यायची. बहुतेकींना मग सोसते. तिनं वजन फार उतरत नाही, दोन-तीन किलो, पण तुमच्या एचबीए१सीला आणि पाळीला मदत होईल. वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ तपासत राहा, अंड्यांवर भागवणाऱ्या शाकाहारी बाईनं तर नक्कीच. इनोसिटॉलच्या पुड्यांबद्दल विचारलंत. नुकसान फारसं नाही, पुरावाही फारसा नाही, महिन्याचा खर्च मात्र बराच आहे.

इंजेक्शनांचा बोलबाला आहे. मौंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड, जूनमध्ये. ती काम करतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडनं त्याहून जास्त. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. तुमच्यासाठी अडचण वेगळीच आहे. ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपाटाइड महिनाभर आधी थांबवावं लागतं. वजन उतरू लागलं की बंद पडलेलं बीज अचानक सुटू लागतं, आणि "मला कुठे दिवस राहतायत" म्हणणाऱ्या बायका अशा वेळी गरोदर राहतात. टिर्झेपाटाइडनं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीव डोसनंतर चार आठवडे निरोध वापरावा लागतो. बाळ दोन-तीन वर्षांनी हवं असतं तर मी वेगळं बोलले असते. आत्ता, वर्षाचा हिशेब धरून, इंजेक्शन नको असं माझं मत. कोणाच्या ओळखीनं, तपासणीशिवाय तर अजिबात नको.

पाळी ९० दिवसांच्या वर लांबली तर वजन उतरेपर्यंत थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर साठत राहणं बरं नाही. प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून गोळीनं पाळी आणवून घ्या. आणखी एक. चेहरा गोल सुजलेला, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, जिना चढताना मांड्यांत जोर नाही, असं काही असेल तर ते पीसीओएस नसून अंगात कॉर्टिसोल वाढल्याचं लक्षण असू शकतं. त्याची तपासणी वेगळी असते. सांधेदुखी किंवा दम्याची 'जडीबुटी'ची पूड घरात कोणी खात असेल आणि तुम्हीही घेत असाल तर आधी ती बंद करून डॉक्टरांना दाखवा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं.

आजपासून गोळीची वेळ बदला, या आठवड्यात कंबर मोजा आणि ग्लुकोजची तपासणी करा. दोन महिन्यांनी टीएसएच. फॉलिक अ‍ॅसिड प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधीपासून, डोस डॉक्टरांना विचारून. पाळीच्या तारखा लिहीत जा. ५५ दिवसांवरून ४० वर आली तर काटा हलला नसला तरी तुमचं बरोबर चाललंय. सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरून पाळी नियमित झाली तर उत्तम. नाही झाली तरी आणखी वर्षभर वजनामागे धावू नका, वय ३१ आहे. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या असतात आणि पीसीओएसमध्ये पहिली पसंती त्यांनाच आहे. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि वहीतल्या पाळीच्या तारखा बरोबर न्या. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवा, गोळीचा डोस तेव्हा बहुधा वाढवावा लागतो.